चांदीच्या शाईचे ट्रॅक: 555 ब्लिंकरची बॅच, आतापर्यंतची नोंद

बोर्ड: 555 ब्लिंकर (555 या टायमर आयसीने एलईडी लुकलुकवणारं सर्किट), एकतर्फी, 30 × 28 मिमी. ट्रॅक तांब्याचे नाहीत, चांदीच्या शाईने छापलेले. 100 × 75 मिमीच्या कोऱ्या एफआर-4 (काचतंतूंचा नेहमीचा बोर्ड) तुकड्यावर सहा बसतात, चिमट्यांसाठी कडा मोकळ्या ठेवून. मशीन: व्होल्टेरा व्ही-वन, सर्किटं शाईने छापणारा प्रिंटर. शाईचं नोझल 225 मायक्रॉनचं, काडतूस 2 मिलिचं.

सर्किट नेहमीचंच. R1 10 किलोओहम, R2 68 किलोओहम, C 10 मायक्रोफॅरॅड, 1.44 भागिले (R1 + 2R2) × C केलं की 0.99 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक लुकलुक. 9 व्होल्टची बॅटरी, लाल एलईडीला 470 ओहम. सगळे भाग 0805 मापाचे (वरच्या वर चिकटणारे बारीक भाग), आयसी एसओआयसी-8 (तशीच वरून बसणारी, आठ पिनांची).

या बॅचमध्ये सगळ्यात जास्त वेळ गेला तो ले-आउटवर, आणि तो जायलाच हवा. शाईचा ट्रॅक म्हणजे तांबं नव्हे. 70 मायक्रॉन जाडीला तिचा रोध चौरसामागे (ट्रॅकच्या रुंदीएवढ्याच लांबीच्या तुकड्यामागे) 12 मिलिओहम. नेहमीच्या 35 मायक्रॉन तांब्याचा साधारण 0.5 मिलिओहम. म्हणजे जवळपास चोवीस पट. हिशेब चौरसांतच करायचा: 0.25 मिमी रुंद आणि 50 मिमी लांब ट्रॅकमध्ये 200 चौरस, 2.4 ओहम. एलईडीच्या 12 मिलिअँपला त्यावर 30 मिलिव्होल्टही पडत नाहीत, सोडून द्या. पण बायपोलर (साध्या, जुन्या जातीचा) 555 आउटपुट पलटताना क्षणभर सप्लायमधून मोठा करंट ओढतो. तो 200 मिलिअँप धरला तर त्याच ट्रॅकवर अर्धा व्होल्ट गेला. म्हणून सप्लाय आणि ग्राउंड 1 मिमी रुंद केले (तेवढ्याच लांबीला 0.6 ओहम) आणि 0.1 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आयसीच्या 8 आणि 1 नंबरच्या पिनांना (सप्लाय आणि ग्राउंड) खेटून ठेवला. तांब्यावर हा कपॅसिटर विसरला तरी चालून जातं, म्हणून मुलं विसरतात. इथे विसरू नका.

ग्राउंड प्लेन (मोकळी जागा सगळी ग्राउंडने भरणं) टाकायचा मोह आवरा. 100 × 75 मिमी पूर्ण भरायचं तर 70 मायक्रॉनला भाजल्यावरची (तापवून पक्की झालेली) शाईच अर्ध्या मिलिवर जाते. ओली त्याहून जास्त.

शाईने पिनांमधलं अंतर 0.8 मिमीपर्यंतच जमतं. एसओआयसीचं 1.27 आहे, आरामात, 0.65 वाल्या आयसीच्या नादी लागू नका. ट्रॅक एकमेकांना ओलांडत असतील तर दोन बाजूंचा बोर्ड करण्यापेक्षा 1206 मापाचा (0805 हून मोठा) शून्य ओहम जंपर, म्हणजे नुसता जोड देणारा भाग, टाका, त्याच्या पोटाखालून एक ट्रॅक सुखाने जातो. भोकं आणि त्यांतून दोन्ही बाजू जोडणारे रिव्हेट यांची भानगड वाचते. भोकं हवीच असतील तर ती छापण्याआधी पाडायची आणि त्या बोर्डासाठी एफआर-1 (कागदी थरांचा बोर्ड) घ्यायचा. एफआर-4 ची काचेची धूळ फुप्फुसाला वाईट आणि ड्रिलच्या बिटालाही.

छपाई. काडतूस फ्रिजमधून काढून अर्धा तास टेबलावर, टोपण लावूनच. थंड काडतूस दमट हवेत उघडलं की पाणी धरतं. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, त्यानंतर कडेलाच धरायचा. बोटाच्या ठशावर शाई आक्रसते. चिमट्यांचे स्क्रू बेताने आवळायचे. जास्त आवळले की बोर्ड मध्ये फुगतो, आणि मग प्रोबने (मशीनच्या उंची मोजणाऱ्या टोकाने) उंचीचा नकाशा घेतला तरी नंतर स्क्रूला हात लागला की तो नकाशा रद्दीत.

नोझलचं टोक बोर्डापासून छिद्राच्या निम्म्या अंतरावर असलं की रेघ नीट चिकटते. हा आमचा ठोकताळा. वर गेलं तर रेघ लोंबकळत, नागमोडी पडते. खाली गेलं तर शाई दोन्ही बाजूंना पसरते आणि मधे चर उमटतो.

दाबाचं गणित मेंदीच्या कोनाचं आहे. कोन उचलला तरी थेंब येतच राहतो, आणि आत हवेचा बुडबुडा असेल तर दाबूनही आधी काही येत नाही, मग एकदम भसकन येतं. बोर्डावर हे असं दिसतं: ट्रॅकची सुरुवात गायब, शेवटी गाठ. दाब वाढवून हे सुटत नाही, गाठ तेवढी मोठी होते. बुडबुडा बाहेर पडेपर्यंत टिश्यूवर शाई सोडा, मग कॅलिब्रेशनचा (उंची आणि दाब जुळवायचा) नमुना परत छापा.

यात शाई जाते हे खरं. सहा बोर्डांचे ट्रॅक मिळून 1500 मिमी, रुंदी सरासरी 0.3 धरली तर भाजल्यावरची शाई 0.03 मिलि; पॅड धरून 0.05. ओली दुप्पट धरली तरी 0.1. नमुने आणि टिश्यू मिळून याहून जास्त खातात. प्रत्येक मुलाचा बोर्ड वेगळा छापणं म्हणूनच महागात पडतं. काडतूस एकदा जुळलं की सहाही एकदम काढा.

रेघ बिघडली तर घाबरायचं कारण नाही, भाजण्यापूर्वी आयसोप्रोपिलने पुसून तेवढाच ट्रॅक पुन्हा छापता येतो. भाजल्यावर ती सोय संपते. म्हणून भिंगाखाली बघायचं आधी. 555 च्या 6 आणि 2 नंबरच्या पिनांना जोडणारा ट्रॅक आयसीखालून जातो. तो खास बघा, आयसी बसल्यावर दिसणार नाही.

भाजणं 210 अंशांच्या आसपास, अर्धा तास. कच्चं राहिलं तर नखाने खरवडलं की निघतं, आणि मीटर हिशेबापेक्षा कितीतरी जास्त ओहम दाखवतो. नुसत्या बीपवर विसंबू नका, 30 ओहमलाही बरेच मीटर बीप देतात.

सोल्डर. भाजलेल्या शाईवर ते सरळ धरत नाही. आधी पॅड घासणीने हलक्या हाताने चमकवायचे. सोल्डर पेस्ट 42 टक्के कथील, 57.6 टक्के बिस्मथ, 0.4 टक्के चांदी अशी, 138 अंशांच्या आसपास वितळणारी. पेस्टचं नोझल चढवलं की उंची परत मोजायची, नोझल बदललं म्हणजे टोकही हललं. हाताने टाका दुरुस्त करायचा तर सोल्डरिंग आयर्न 180 ते 210 वर. सवयीने 350 ला लावलेलं आयर्न आणि साधी 60/40 (कथील-शिशाची) सोल्डर तार टेकवली की वितळलेलं कथील ट्रॅकमधली चांदी ओढून घेतं. काही सेकंदांत पॅड करडा पडतो, मग दिसेनासा होतो आणि त्याजागी उघडा एफआर-4 राहतो.

जुन्या बोर्डांवरून काढलेले भागही या बॅचला चालणार नाहीत. त्यांच्या टोकांवर शिसं असतं, आणि शिसं, कथील, बिस्मथ एकत्र आले की 96 अंशांना वितळणारा मिश्रधातू तयार होतो. टाका आधी छान दिसतो, थोडा तापला की ढिला. ड्राय सोल्डर (नीट न धरलेला टाका) समजून लोक त्यावरच पुन्हा आयर्न टेकवतात.

बॅटरी क्लिपच्या तारा पॅडवर थेट लावल्या तर एका हिसक्यात पॅडसकट निघतात. पुढच्या फेरीत तारांसाठी पॅड 3 × 4 मिमीचे, आणि तार आधी ग्लू गनने बोर्डाला चिकटवायची, मग टाका.