जर्मन येणं आणि जर्मन शिकवता येणं : माझा अनुभव

नाशिकमध्ये जर्मन शिकवणाऱ्या आम्हा बहुतेकांची वाट सारखीच असते. कुणी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं, कुणी मॅक्सम्युलर भवनात, कुणी कंपनीच्या कामासाठी भाषा उचललेली. परीक्षा पास झालो की कुणीतरी विचारतं, आमच्याकडे तास घ्याल का? आणि दुसऱ्या आठवड्यात हातात खडू असतो. भाषा येत असते, पण शिकवायचं कसं हे कुणी सांगितलेलं नसतं. मग आपल्या मास्तरांनी जसं शिकवलं तसंच आपणही शिकवत राहतो.

मी ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला जर्मन शिकवते, तासिका तत्त्वावर. पूर्वी मुलं जर्मन घ्यायची ती स्कोरिंग विषय म्हणून. बारावीनंतर पुस्तक रद्दीत. सातपूरला मायको, म्हणजे आजची बॉश, इतकी वर्षं असल्यामुळे जर्मन कंपनी म्हणजे काय हे नाशिककरांना माहीत होतं, पण भाषेचा संबंध इंजिनिअरांपुरता होता. आता नर्सिंगच्या मुली येतात, आयटीआयची मुलं येतात. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर पालकच फोन करून विचारतात. या मुलांना पेपरात गुण मिळवून भागणार नाही, समोरच्याशी बोलायचं आहे. माझ्या वर्गात बोर्डाला उत्तम गुण मिळवणारी मुलंही दोन वाक्यं सलग बोलताना अडखळत होती. म्हणून मी प्रशिक्षणाच्या शोधाला लागले.

गोएथे इन्स्टिट्यूटची (भारतात तिलाच मॅक्सम्युलर भवन म्हणतात) शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण मालिका आहे, डॉइच लेहरन लेर्नेन, म्हणजे 'जर्मन शिकवायला शिकणं'. सगळे तिला डीएलएल म्हणतात. तिची पायाभूत युनिट्स सहा : शिक्षकाची भूमिका आणि तासाची आखणी, परकी भाषा माणूस कशी शिकतो, जर्मन ही परकी भाषा म्हणून, कृती-सराव-संवाद, साहित्य आणि माध्यमं, अभ्यासक्रम आणि नियोजन. ऑनलाइन करता येतं, एकेक युनिट घेता येतं. माझ्यासारखीला नाशिक सोडणं शक्य नव्हतं, तिला हे सोयीचं होतं.

सगळं साहित्य, चर्चा, गृहपाठ जर्मनमध्येच असतं, त्यामुळे बी-टूच्या खाली निभाव लागत नाही. (भाषेच्या पातळ्या ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा, बी-टू ही चौथी.) माझं बी-वन जुनं होतं. म्हणून आधी बी-टूची तयारी. ही परीक्षा 2019 पासून चार सुट्या भागांत देता येते : वाचन 65 मिनिटं, ऐकणं साधारण 40, लेखन 75, आणि बोलणं जोडीनं. प्रत्येक भाग 100 गुणांचा, 60 ला पास, आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा. नोकरी, घर सांभाळून परीक्षा देणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. पैसे आणि ताकद दोन्ही वाटून लावता येतात. मला भीती होती ती ऐकण्याची. नाशिकमध्ये दिवसभर जर्मन कानावर पडणार कुठून? डॉइचे वेले ही जर्मन प्रसारण संस्था रविवार सोडून रोज सावकाश वाचलेल्या बातम्या देते, सोबत लिखित मजकूरही. पोळ्या करताना एकदा नुसतं ऐकायचं, रात्री मजकूर समोर ठेवून पुन्हा ऐकायचं. याहून चांगला सराव मला तरी सापडला नाही.

परीक्षेसाठी ठक्कर बाजारहून पहाटेची गाडी, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत वाकडेवाडी, तिथून बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन. माझा सल्ला, परीक्षेच्या आदल्या दिवशीच पुण्याला मुक्काम करावा. चाकणला गाडी अडकली की डोकं तिथंच थकतं.

परीक्षा झाली, युनिट सुरू झालं, आणि खरी मजा तिथून पुढे आहे. डीएलएलमध्ये वेगवेगळ्या देशांतल्या खऱ्या वर्गांच्या चित्रफिती असतात. त्या बघताना फक्त 'काय दिसतं' ते लिहायचं. 'मुलांना कंटाळा आलाय' असं मी लिहिलं की मार्गदर्शक विचारायच्या, हे कशावरून म्हणता? कुणी काय केलं ते लिहा. सुरुवातीला हा काथ्याकूट वाटला. पण मग माझ्या वर्गातही मी तसंच बघायला लागले. मागच्या बाकावरची मुलगी गप्प आहे, एवढंच मला आजवर दिसायचं. ती ओठांतल्या ओठांत वाक्य जुळवून बघते आणि तोवर दुसऱ्यानं उत्तर दिलेलं असतं, हे आता दिसलं.

प्रत्येक युनिटच्या शेवटी आपल्याच वर्गात एक छोटा प्रकल्प करायचा असतो, शक्यतो दुसऱ्या शिक्षकासोबत. प्रश्न लहान हवा, आणि उत्तर वर्गात डोळ्यांनी दिसेल असा हवा. 'मुलं बोलत का नाहीत' हा प्रश्न चालत नाही. अमुक केलं तर काय होतं, असा प्रश्न हवा. माझी जोडीदारीण छत्रपती संभाजीनगरची. तिनं आणि मी बराच खल केला आणि 'वाइल'वर, म्हणजे 'कारण' या शब्दावर थांबलो.

जर्मनमध्ये कारण सांगताना 'वाइल' आला की त्या उपवाक्यातलं क्रियापद शेवटी जातं. पुस्तकं हे इंग्रजीतून समजावतात आणि इंग्रजीत क्रियापद मध्ये असतं, त्यामुळे मुलं ते मध्येच ठेवतात. पण मराठी बघा : 'कारण मी आजारी आहे.' जर्मन : 'वाइल इश क्रांक बिन.' शब्दाखाली शब्द बसतो. आमचा प्रश्न ठरला : वाक्य आधी मराठीत जोडीदाराला सांगितलं आणि मग जर्मनमध्ये नेलं, तर बोलताना क्रियापद शेवटी जातं का?

दोन तास नेहमीच्या पद्धतीनं, दोन तास मराठीतून. शेजारच्या हिंदीच्या मॅडम मागे बसून नोंद ठेवायला तयार झाल्या. त्यांना जर्मन येत नाही, म्हणून काम सोपं करून दिलं : मुलांना वाक्यं म्हणताना क्रियापदाच्या जागी बाकावर टिचकी मारायला सांगितली. टिचकी शेवटी पडली की उभी रेघ, मध्ये पडली की फुली. निफाडकडचा एक मुलगा आहे, द्राक्षबागायतदाराचा. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते आणि तो तासाला सारखा गैरहजर. त्याला विचारलं, काल का आला नाहीस? त्यानं आधी शेजाऱ्याला सांगितलं, 'कारण आमच्याकडे खूप काम आहे.' मग बोटांवर मोजत म्हणाला, 'वाइल वीयर फील आर्बाइट हाबन,' आणि 'हाबन'वर टिचकी. वर्षभरातलं त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य, आणि तेही खरं, त्याच्या घरातलं. मॅडमनी उभी रेघ मारली आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मराठीच्या तासांमध्ये उभ्या रेघा स्पष्टपणे जास्त होत्या. घरी हिंदी, गुजराती बोलणाऱ्या मुलांचंही तसंच झालं, कारण त्या भाषांतही क्रियापद शेवटीच येतं. मात्र एक गोष्ट आम्हाला अपेक्षित नव्हती. काही मुलं आता साध्या वाक्यातही क्रियापद शेवटी न्यायला लागली, जिथं जर्मनमध्ये ते दुसऱ्या जागी हवं. जोडीदारिणीच्या वर्गातही हेच झालं. आम्ही दोन्ही गोष्टी अहवालात तशाच मांडल्या. प्रकल्प यशस्वी ठरला का हे तिथं कुणी विचारत नाही. काय दिसलं, त्यावरून पुढच्या तासाला काय बदलणार, हे विचारतात. मी आता साधं वाक्य आणि 'वाइल'चं वाक्य एकाच फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि मराठीचा आधार फक्त 'वाइल'च्या वाक्याला देते.

वर्गात मराठी आणायची नाही, असा धाक परकीय भाषेच्या शिक्षकांच्या मनात फार असतो. मला मनापासून वाटतं की आपल्या मुलांकडे जर्मनसारखीच तीन लिंगं आहेत, विभक्ती आहेत, शेवटी येणारं क्रियापद आहे, हे सगळं भांडवल घेऊन ती वर्गात येतात. ते वापरायचं कसं हे शिक्षकाला शिकायला मिळालं पाहिजे.

अडचणीही सांगायला हव्यात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला ऑन ड्यूटी रजा मिळत नाही. परीक्षेला गेले त्या दिवसाचे तास बुडाले, म्हणजे तेवढे पैसे गेले. फी स्वतःची. वर्गाचं रेकॉर्डिंग करायला कॉलेजनं परवानगी दिली नाही, म्हणूनच ती रेघा आणि फुल्यांची युक्ती काढावी लागली. पूर्णवेळ नेमणूक नसलेल्या शिक्षकांनाही प्रशिक्षणासाठी वर्षातून काही दिवस भरपगारी द्यावेत, एवढं तर संस्था करू शकतात. फायदा त्यांच्याच मुलांचा आहे.

मुलांसाठीच्या संधींबद्दलही पालक विचारतात. सोळा वर्षांपुढच्यांनी ए-वनची 'स्टार्ट डॉइच' द्यावी, त्याहून लहान मुलांसाठी 'फिट इन डॉइच' आहे. बोर्डाच्या गुणांपेक्षा बाहेर या कागदाला किंमत आहे. बी.ए. जर्मन करणाऱ्यांनी जर्मन विद्यापीठांतल्या उन्हाळी वर्गांसाठी डाडच्या, म्हणजे जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या शिष्यवृत्त्या बघाव्यात. जर्मन परराष्ट्र खात्यानं 2008 मध्ये जर्मन शिकवणाऱ्या शाळांसाठी पाश नावाचा उपक्रम सुरू केला, त्यातल्या शाळांच्या मुलांना जर्मनीतल्या युवा शिबिरांत जाता येतं. आणि दर दोन वर्षांनी जर्मनची आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड होते, 2024 ची ग्यॉटिंगेनला झाली. तिथं वयाची अट 14 ते 17 आहे. अकरावीत भाषेला हात लावणारं मूल तिथवर पोचेपर्यंत वय निघून जातं. म्हणून नाशिकच्या शाळांना माझी विनंती आहे की जर्मन आठवीपासून सुरू करा, आणि ते शिकवायला ज्यांना नेमाल त्यांना आधी शिकवायला शिकू द्या. पुढचं युनिट, कृती आणि संवादाचं, मी या वर्षी घेते आहे. नाशिकमधल्या कुणा शिक्षकाला प्रकल्पासाठी जोडीदार हवा असेल तर मी तयार आहे.