कुर्तीची मजुरी घड्याळ लावून ठरवा

एम. टी. क्लॉथ मार्केटमधून थान उचलायचं, कटिंग मास्टरकडून कापून घ्यायचं आणि परदेशीपुऱ्यातल्या बायकांना घरी शिवायला द्यायचं. इंदुरात कुर्तीचा छोटा धंदा बहुतेक असाच उभा राहतो. दिवाळीला साड्या वाटल्या की झाली समाजसेवा! साड्या जरूर वाटा, पण आधी मजुरीचं बघा.

‘बाजारात चाललाय तो रेट’ डोळे मिटून घेऊ नका. मध्यम हाताच्या बाईकडून पाच कुर्त्या मोबाइलचं घड्याळ लावून शिवून घ्या. सरासरी ३२ मिनिटं आली, तर बॉबिन भरणं, दोरा तुटणं, पाणी प्यायला उठणं यासाठी २० टक्के जोडा. ३८ मिनिटं झाली, म्हणजे आठ तासांत बारा कुर्त्या. दिवसाचे ५०० धरले तर नगाला ४२ रुपये. (५०० उदाहरणापुरते, सरकारी किमान वेतनाखाली जायचं नाही.) दोरा, सुया आणि तिच्या घरची वीज वेगळी. हा खर्च याच बेचाळीसात ढकलला तर घड्याळ लावलं कशाला?

तंटा होतो तो अल्टरवरून, म्हणजे परत आलेला माल दुरुस्त करण्यावरून. एकाच लॉटच्या दोन थानांत शेडचा फरक असतो. ट्यूबलाइटखाली कळत नाही; दारात उन्हात धरली की बाही एक रंगाची, अंग दुसऱ्या. यात शिवणारीचा काय दोष? कापताना प्रत्येक थराच्या पुढा, पाठ आणि दोन्ही बाह्यांवर एकच नंबर चिकटवायचा, मग दहा-दहाचा गठ्ठा बांधायचा. कॉटनचं आटणंही तसंच. कापण्याआधी ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून धुवा, वाळवा, मापा. ४८ भरला तर ४ टक्के गेले, म्हणजे ४४ इंची कुर्ती पावणेदोन इंच आखूड. असा परत आलेला माल उसवून शिवायचा असेल तर त्याची मजुरी पुन्हा द्या.

पैसे दर शनिवारी, दुकानदाराचे आले असोत वा नसोत. सहा बायका, सहा दिवस, रोज बारा नग: आठवड्याला १८,१४४ रुपये. असे चार आठवड्यांचे बाजूला असल्याशिवाय सातवी बाई जोडू नका. मजुरी थकणं म्हणजे काय, हे या गावाला सांगायला नको; इथल्या हुकुमचंद कापड मिलच्या कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला, मिल बंद पडून तीसहून अधिक वर्षं झाल्यावर.

दुकानदाराकडची वसुली हा वेगळा ताप. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून नंबर बिलावर छापा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे उधारी चालत नाही. करार नसेल तर १५ दिवस.

आणि वह्या दोन ठेवा, एक तिच्याकडे. नग देताना आणि घेताना दोन्हींत नोंद. खाडाखोड झाली तर तिथेच दोघांच्या सह्या.