अंगणातल्या अनोळखी रोपांची वही: जून ते ऑगस्ट, ठाणे

जागा: येऊरच्या पायथ्याकडचं तळमजल्याचं अंगण. डोक्यावर करंज, कुंपणापलीकडे पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर. कोपऱ्यात केबलची तार, तिच्यावर बुलबुल बसतात. तारेखालच्या पट्ट्याची नोंद वेगळी ठेवली आहे, कारण तिथे पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं बी उगवतं. वर कोणतं झाड आहे यावरून तिथला अंदाज बांधता येत नाही.

२० जून. १४ रोपांना नंबर दिले. आइस्क्रीमच्या काडीवर पेन्सिलने लिहायचं. मार्कर चार सरींत धुऊन जातो, पेन्सिल टिकते. प्रत्येक रोपाचे तीन फोटो: वरून, बाजूने आणि पानाच्या पाठीचा, शेजारी शाळेची पट्टी ठेवून.

मग बुडाशी बी शोधायचं. उपटू नका. जुन्या टूथब्रशने बुंध्याजवळची माती बोटभर बाजूला करा, बघून झाल्यावर परत लोटा. क्र. ३ च्या मुळाशी करंजाच्या शेंगेचं चपटं टरफल सापडलं आणि प्रश्न मिटला. नुसत्या पानांवरून हे जमलं नसतं. करंजाची बीजपत्रं मातीतच राहतात, वर येणारी पहिली पानं साधी असतात आणि संयुक्त पान (एका देठावर अनेक छोट्या पर्णिका असलेलं) उशिरा येतं. पहिल्या पानांवरून नाव ठेवायची घाई इथेच नडते.

२९ जून. क्र. ५, ६ आणि ९. तिघांनाही बारीक पर्णिकांची पानं, आणि इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. ‘संध्याकाळी पानं मिटतात, म्हणजे पर्जन्यवृक्ष’ हे सर्रास ऐकू येतं, पण सुबाभूळ आणि चिंचही मिटतात. ती खूण बाद. पहिलं पान एकपदरी (पर्णिका थेट मधल्या देठावर) असलं तरी फसू नका. दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत थांबा आणि भिंग घेऊन बसा.

सुबाभळीच्या देठावर, उपपानांच्या (पर्णिका धरणाऱ्या देठाच्या फांद्यांच्या) पहिल्या जोडीजवळ, वाटीसारखी छोटी ग्रंथी दिसते. पर्णिका अरुंद आणि पुष्कळ. पर्जन्यवृक्षाच्या पर्णिका मोजक्या, तिरकस चौकटीसारख्या, आणि टोकाकडे मोठ्या होत जातात. गुलमोहराला देठावर ग्रंथी नाही, पण पानाच्या बुडाशी पिसासारखी चिरलेली उपपर्णं असतात. ती लवकर गळतात, म्हणून नवं पान उलगडतानाच पाहा. निकाल: ५ आणि ९ सुबाभूळ, ६ गुलमोहर. सुबाभूळ लगेच काढली. तिचं बी टणक सालीचं असतं, मातीत पडून राहतं आणि पाऊस लागला की झुपक्याने उगवतं. आणखी येईलच.

११ जुलै. तारेखाली क्र. ७. पहिली दोन पानं समोरासमोर, तीन पर्णिकांची, कडा खोल चिरलेल्या. पुढची पानं एकाआड एक आणि पिसासारखी. कडुनिंब. निंबोळ्या मे-जूनपासून पिकू लागतात आणि बी दोन-तीन आठवड्यांत उगवतं, तेव्हा वेळही जुळते. शेजारचं क्र. ८ दिसायला तसंच, पण पान चुरगाळताच कढीपत्त्याचा वास. वास घ्या, चव मात्र कधीच नको. पिवळी कण्हेर अशीच आपोआप उगवते आणि तिचा चीक विषारी असतो.

२४ जुलै. क्र. ११ आणि १२, दोन्हीला लालसर कोवळी पानं. ११ ची पानं एकाआड एक, मुळाशी कोय: आंबा. १२ ची समोरासमोर, पान उजेडात धरलं की कडेलगत धावणारी शीर दिसते: जांभूळ. एकाच बीतून दोन-तीन कोंब येणं जांभळात नेहमीचंच. ती दोन रोपं नव्हेत.

भिंतीवरच्या फटीत क्र. १४. तोडल्यावर पांढरा चीक, शेंड्याला टोपीसारखं आवरण, आणि ते गळल्यावर पेरावर उरलेली गोल रेघ. एवढ्यावरून वड-पिंपळाचं कुळ नक्की. देठ लांब, पान गुळगुळीत आणि लव नाही, म्हणून पिंपळ. लांब शेपूट पहिल्या पानांवर शोधू नका. फटीतलं मूळ उरलं तर परत फुटतं, म्हणून कोवळं असतानाच पुरतं काढायचं.

९ ऑगस्ट. रात्री गोगलगायींनी क्र. २ ची बीजपत्रं सपाट केली, ओळख तिथेच संपली. आता प्रत्येक रोपाभोवती कापलेल्या पाण्याच्या बाटलीचं चार इंची कडं, बुड मातीत दाबून. कडं खालून हलकं बसवलं तर गोगलगाय आत शिरते, हेही दिसलं.

१७ ऑगस्ट. क्र. ७ पिशवीत हलवला. ढगाळ संध्याकाळ, आदल्या दिवशी जमीन ओली केलेली. कडुनिंबाचं सोटमूळ सरळ खाली जातं, म्हणून खुरपं बुंध्यापासून लांब धरून वीतभर खोल खणलं. पिशवी आठ इंच उंच. मूळ दुमडलं तर रोप महिनाभर जागचं हलत नाही. काडी पिशवीतच खोचली आहे. पुढची नोंद नवं पान आल्यावर.