इंजिन उघडण्याआधी

विक्रोळीच्या अलीकडे दादाने गाडी डाव्या कडेला घेतली तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर मावशीसाठी घेतलेल्या पुरणपोळ्यांचा डबा. मुलुंडहून दादरला निघालो होतो, जुलैमधला रविवार, पाऊस नुकताच थांबलेला. टेम्परेचरचा काटा वर चढताना दिसला आणि दादाने तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. "दादरपर्यंत जाईल हळूहळू," असं तो म्हणाला नाही, याबद्दल मी आजही त्याची आभारी आहे. पुढे त्याच एका गोष्टीवर बरंच काही अवलंबून होतं.

गाडी सेकंड हँड. मार्चमध्ये एका डीलरकडून पावणेपाच लाखांना घेतलेली, पेट्रोल, दुसरा मालक, इंजिन आणि गिअरबॉक्सवर सहा महिन्यांची वॉरंटी. पाचवा महिना चालू होता. दादाने डीलरला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. म्हणाला, "साहेब, काळजी करू नका. टो करून पाठवून द्या, आमचा मुलगा हेड खोलून बघेल, मग सांगतो वॉरंटीत बसतं का."

हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण. मी दादाच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "गाडी पाठवतो, पण आमच्यासमोर उघडायची. तोपर्यंत एक नटसुद्धा ढिला करायचा नाही. हेच तुम्हाला आता व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवते."

आई घाबरली. तिला वाटलं मी भांडण काढतेय. भांडणाचा प्रश्नच नव्हता. तीन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये, लेस्टरला, मी इंजिन आधी उघडू देण्याची चूक केली होती आणि तिची किंमत पाच महिने मोजली होती.

तिथे मी सहा हजार दोनशे पौंडांना एक छोटी गाडी घेतली होती. तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सर्व्हिस बुक, वर्षभराची एमओटी, सोबत तीन महिन्यांची वॉरंटी एका वेगळ्याच कंपनीची. एमओटी म्हणजे तिकडची गाडीची वार्षिक तपासणी, गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी करावीच लागते. नंबर टाकला की जुन्या सगळ्या तपासण्यांचा निकाल आणि तेव्हाचं मीटर रीडिंग सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतं. मी ते सगळं पाहिलं होतं आणि निश्चिंत झाले होते. पण ब्रेक, टायर, दिवे, धूर हे त्यात बघतात. इंजिनच्या पोटात काय चाललंय ते त्यात येत नाही.

अकराव्या आठवड्यात एम-वन मोटरवेवर तेलाचा लाल दिवा लागला आणि दोन मिनिटांत इंजिन बसलं. त्या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या भागांची वेळ जुळवणारा रबरी पट्टा, कोरडा नसतो, तो इंजिन ऑइलमध्येच फिरतो. तेल वेळेवर बदललं नाही, किंवा चुकीचं तेल घातलं, की रबर फुगतं, त्याचे बारीक तुकडे सुटतात आणि तळाशी तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतात. जाळी बुजली की तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंग कोरडी पडून घासली जातात. गॅरेजवाल्याने ऑइल पॅन काढून मला ती जाळी दाखवली. चहाच्या गाळणीत चोथा बसावा तसा काळा चिकट थर होता. मी बोट लावलं तर तो नखात शिरला आणि दोन दिवस गेला नाही.

मी ते काम करायला लगेच होकार दिला होता. गाडी उघडल्याशिवाय कळणार कसं, हा माझा साधा विचार. वॉरंटी कंपनीचा इंजिनिअर चार दिवसांनी आला आणि पहिलाच प्रश्न त्याने विचारला, "आमच्या परवानगीशिवाय कुणी उघडलं?" क्लेम नाकारला. कारणं दोन लिहिली होती: पार्ट आधीच काढलेले आहेत, आणि मागच्या मालकाच्या काळात एक सर्व्हिस उशिरा झालेली आहे. वॉरंटीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात दोन्ही अटी होत्या. मी ती पुस्तिका गाडी बंद पडल्यावर पहिल्यांदा नीट वाचली.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला सांगितलं की वॉरंटी बाजूला ठेव, कायदा बघ. तिकडे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा आहे. डीलरकडून घेतलेली वस्तू, जुनी असली तरी, तिचं वय आणि किंमत बघता समाधानकारक असायला हवी. पहिल्या ३० दिवसांत दोष निघाला तर गाडी सरळ परत करता येते. त्यानंतर दुरुस्तीची एक संधी विक्रेत्याला द्यावी लागते. आणि पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो विकतानाच होता असं कायदा धरून चालतो, तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी डीलरची. वॉरंटी असो वा नसो, हा हक्क कुठे जात नाही. खासगी माणसाकडून घेतली तर मात्र हे संरक्षण नाही.

मी डीलरला पत्र लिहिलं. त्याने दुरुस्तीला नकार दिला आणि पुन्हा वॉरंटी कंपनीकडे बोट दाखवलं. शेवटी कामी आला तो माझ्या नवऱ्याचा हट्ट. त्याने बुकिंगचे दोनशे पौंड क्रेडिट कार्डावर भरायला लावले होते, बाकीचे बँकेतून गेले. १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं पंचाहत्तरावं कलम सांगतं की वस्तूची किंमत शंभर पौंडांहून जास्त आणि तीस हजारांपर्यंत असेल, आणि त्यातला थोडा भाग जरी क्रेडिट कार्डावर भरला असेल, तर विक्रेत्याच्या चुकीची जबाबदारी कार्ड कंपनीवरही येते, आणि तीही पूर्ण रकमेची. कार्ड कंपनीने स्वतंत्र इंजिनिअरचा रिपोर्ट मागितला. ती जाळी गॅरेजवाल्याने पिशवीत घालून, तारीख टाकून ठेवली होती म्हणून रिपोर्ट होऊ शकला. मी चालवलेल्या मैलांचे पैसे कापून बाकीची रक्कम आली. पाच महिने मात्र मुलाला शाळेत पायी सोडलं, थंडीत, अंधारात.

एवढं सगळं डोक्यात असताना विक्रोळीला मी उभी होते. इंजिन का बिघडलं याचा पुरावा इंजिनच्या आतच असतो. ते पहिल्यांदा कोण उघडतो, कुणासमोर उघडतो, यावर पैसे कोण भरणार हे ठरतं.

रात्री दादा आणि मी जेवणानंतर टेबलावर सगळे कागद पसरून बसलो. तोपर्यंत डीलरचा मेसेज आलाच होता: "मॅडम, पावसाचे दिवस आहेत, गाडी पाण्यात गेली असणार. पाण्याचं डॅमेज वॉरंटीत येत नाही."

मुंबईत हे वाक्य कुणावरही चिकटतं. हिंदमाता, मिलन सबवे, गांधी मार्केट, कुठे ना कुठे पाणी भरतंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी आमच्याच सोसायटीतल्या दोन गाड्या छतापर्यंत बुडालेल्या मी पाहिल्या आहेत. पाणी हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि सेल्फ मारला की पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायची नसते. साध्या विम्यातही अशा वेळी इंजिनचं नुकसान बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. दादाकडे ते नव्हतं. म्हणजे हा आरोप चिकटला असता तर वॉरंटीही गेली आणि विमाही.

आपल्याकडे कायदा नाही असं मी इतकी वर्षं समजत होते. त्या रात्री २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वाचला आणि मला माझीच लाज वाटली. दोषाच्या व्याख्येत कायद्याने किंवा कराराने ठरलेल्या दर्जासोबतच विक्रेत्याने कुठल्याही प्रकारे जो दावा केला असेल तोही धरलाय. म्हणजे दादाच्या फोनमधला मार्चचा तो मेसेज, "इंजिन एकदम टकाटक, पाच वर्षं हात लावायला नको," हाही दावाच. इंग्लंडसारखी सहा महिन्यांची सवलत मात्र इथे नाही. दोष होता हे दाखवायची जबाबदारी मुख्यतः आपलीच. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते, ऑनलाइनही होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. दादाने तो फोनमध्ये सेव्ह केला. डीलरला त्याने ईमेल लिहिला, चार ओळींचा, रागाचा एकही शब्द नाही: गाडी कधी घेतली, कुठे बंद पडली, काटा चढताच इंजिन बंद केलं, तपासणी दोघांसमोर व्हावी.

सोमवारी दुपारी आम्ही डीलरच्या वर्कशॉपला गेलो. सोबत आमचे मुलुंडचे गॅरेजवाले काका. दादाची पहिली बाइकसुद्धा त्यांनीच सांभाळलेली. डीलरचा माणूस थेट पाना घेऊन हेडकडे वळला. काकांनी हात आडवा घातला. "आधी एअर फिल्टर."

इंजिनात जाणारी हवा ज्यातून गाळली जाते त्या फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा त्यांनी काढल्या आणि झाकण उचललं. आतला कागदी फिल्टर कोरडा ठणठणीत होता. घड्यांमध्ये राखाडी धूळ, एक वाळलेलं पान, दोन मेलेले किडे, आणि डब्याच्या तळाला ओलाव्याचा डागही नाही. काकांनी फिल्टर हलकेच टेबलावर आपटला तर धूळ उडाली. "पाण्यात गेलेल्या गाडीचा फिल्टर असा असतो का?" एवढंच विचारलं. मी व्हिडिओ घेत होते, फ्रेममध्ये नंबर प्लेट आणि डीलरचा माणूस दोघं येतील असा.

मग ऑइलची डिपस्टिक काढली. तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं. डीलरचा माणूस लगेच म्हणाला, "बघा, पाणी!" काकांनी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत पाण्याची, टाकी दाखवली, ती रिकामी होती. वॉटर पंपाच्या खाली गुलाबी रंगाचा सुकलेला ओघळ होता, कूलंटचाच. पंपाचं सील गळत होतं, कूलंट संपलं, इंजिन तापलं, हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, उडालं आणि उरलेलं पाणी तेलात मिसळलं. मग हेड उघडलं. पिस्टन आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली बाजू, ठीक होते, रॉड सरळ. इंजिन वेळेत बंद केलं नसतं तर हेही गेलं असतं, आणि तापलेली गाडी पळवली म्हणून वॉरंटीतूनही हात वर केले असते. तशी अट दादाच्या कागदात होतीच.

डीलरने शेवटचा मुद्दा काढला की कूलंट बघणं मालकाचं काम. दादाने फाइलमधून एक पिवळा कागद काढला. जूनमध्ये पहिली फ्री सर्व्हिस याच वर्कशॉपमध्ये झाली होती आणि त्यावर कूलंट आणि पंप यांच्यापुढे बरोबरच्या खुणा होत्या, खाली शिक्का. दादा असे कागद फेकत नाही. लहानपणी आम्ही त्याला यावरून चिडवायचो.

तेरा दिवसांनी गाडी मिळाली. हेडचं फेसिंग (त्याचा तळ सपाट करणं), नवं गॅस्केट, नवा वॉटर पंप डीलरने केले. तेल, कूलंट आणि मजुरीचा काही भाग मिळून चार हजार दोनशे दादाने भरले. मला तेही पटलं नव्हतं, पण दादा म्हणाला, "जाऊ दे, काम नीट झालंय." बिलावर काय काय बदललं ते पार्ट नंबरसकट लिहून घेतलं. जुना पंप आणि गॅस्केटही मागून आणलं, ते आता बाल्कनीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आहे. वहिनीला ते अजिबात आवडलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी आत्ता जुनी गाडी बघत असेल तर दोन गोष्टी जरूर करा. सीट बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. बुडालेली गाडी धुतात, पॉलिश करतात, पण बेल्टच्या शेवटच्या टोकावर चिखलाची रेघ राहून जाते. आणि सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना गाडी सुरू करायला सांगा. डीलर आधीच गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, थांबतच नाही असा पांढरा धूर म्हणजे कूलंट. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर कर्जाचा बोजा, विमा आणि कितवा मालक ते दिसतं. इंजिन कधी बदललं असेल तर इंजिनवर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळतो का तेही बघा. आणि विक्रेता जे तोंडी सांगेल ते त्याच दिवशी मेसेज करून त्याच्याकडून "हो" म्हणवून घ्या.

मला विमानतळावर सोडायला दादाच आला, पहाटे दोनला, त्याच गाडीने. रस्ता मोकळा होता. आई मागे, यावेळी मांडीवर माझ्यासाठी लोणच्याची बरणी. विक्रोळी मागे पडलं तेव्हा आम्ही दोघांनीही एकदमच काट्याकडे पाहिलं. तो मधोमध होता. दादाने काही न बोलता इंडिकेटर दिला आणि गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली.