पाऊण तासाचा कव्हर सेट, नोंद तिसरी: एकच ट्यूनिंग की चार?

आमच्या हौशी मेटल बँडच्या कव्हर सेटची, म्हणजे इतर बँडची गाणी वाजवण्याच्या कार्यक्रमाची, गाणी जवळपास ठरली. घोडं अडलंय ट्यूनिंगपाशी: गिटारच्या तारा कोणत्या सुरांत लावायच्या? स्लेअर ई फ्लॅटमध्ये, म्हणजे सगळ्या तारा नेहमीपेक्षा अर्धा सूर खाली. मेटॅलिकाचं जुनं काम बहुतेक साध्या ई मध्ये, म्हणजे नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, तर त्यांच्याच २००३ च्या 'सेंट अँगर' अल्बमचा बराचसा भाग ड्रॉप सी मध्ये, म्हणजे सगळ्या तारा एक सूर खाली आणि सर्वांत जाड सहावी तार आणखी एक सूर खाली, सी वर. ओपेथच्या 'घोस्ट रिव्हरीज' अल्बमसाठी तारा डी-ए-डी-एफ-ए-डी लावाव्या लागतात. हे सगळं एका गिटारवर घ्यायचं तर दर दोन गाण्यांमागे खुंट्या पिळत बसा.

एकाच शैलीला चिकटून राहणारे बँड आळशी, असं सर्रास बोललं जातं. स्लेअरचे दोन अल्बम पाठोपाठ ऐका. १९८६ च्या 'रेन इन ब्लड'मध्ये दहा गाणी २९ मिनिटांच्या आत उरकतात. १९८८ च्या 'साउथ ऑफ हेवन'मध्ये त्यांनी मुद्दाम वेग उतरवला. वादक तेच चौघे, निर्माता तोच रिक रुबिन, ट्यूनिंगही तेच. बदलला तो मुख्यतः वेग आणि त्याबरोबर ड्रमची चाल, तरी दुसऱ्या अल्बमचा जडपणा वेगळाच. हौशी बँडला परवडणारं वैविध्य हेच: मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) मिळणाऱ्या बदलाला दमडी लागत नाही, ट्यूनिंगच्या बदलाला लागते.

ती कुठे लागते ते सांगतो. साडेपंचवीस इंची स्केलवर (तारेच्या वाजत्या लांबीवर) १०-४६ चा सेट (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांश भागांत) ई फ्लॅटपर्यंत नीट चालतो. ड्रॉप सी ला त्यातली सहावी तार लोंबायला लागते. जोरात पाम म्यूट (तळहाताने तार दाबून फटका) मारला की सूर आधी वर उडतो आणि मग जागेवर येतो, कारण ढिली तार पिकच्या फटक्यानेच ताणली जाते. ट्यूनर हिरवा दाखवतो, कॉर्ड मात्र बेसूर. उपाय म्हणजे ११-५६ किंवा १२-६०, पण तिथून पुढची कामं सुरू होतात. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या) खाचेत अडकते, खुंटी फिरवताना 'टिक' आवाज येतो आणि सूर उडी मारतो. खाच नट फाइलने रुंद करायची, खोल नाही. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नट बदलावा लागतो. मग इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्या हार्मोनिकपेक्षा (तार नुसती स्पर्शून काढलेल्या सुरापेक्षा) चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरता आला तर पुढे. ट्रस रॉडला (मानेचा बाक ठरवणाऱ्या आतल्या सळईला) हात लावायचाच तर एका वेळी पाव फेरा, आणि मानेला स्थिरावू द्या. फ्लॉइड रोझ (स्प्रिंगवर तरंगणारा ब्रिज) असेल तर हा नादच सोडा. एक तार उतरवली की स्प्रिंग ब्रिज मागे ओढतात आणि बाकीच्या पाच चढतात.

पिच उतरवणारं पेडल अर्ध्या सुरापुरतं चालतं. दोन सूर उतरवले की वेगवान डाउनस्ट्रोक (फक्त वरून खाली मारलेले फटके) चिकट वाटतात, आणि खोलीत आवाज कमी असेल तर तारेचा मूळ सूरही कानावर येत राहतो.

म्हणून सगळं ई फ्लॅटमध्ये. मेटॅलिका स्वतः गेली कित्येक वर्षं मैफलीत अर्धा सूर उतरवूनच वाजवते, तेव्हा यात कमीपणा कसला? गाणाऱ्याचा घसाही वाचतो. 'सेंट अँगर'चं गाणं वगळलं. ओपेथसाठी दुसरी, पक्क्या ब्रिजची गिटार लावून ठेवायची.

ओपेथकडून आणखी एक गोष्ट उचलली. 'डिलिव्हरन्स' (२००२) आणि 'डॅम्नेशन' (२००३) त्यांनी एकाच सुमारास रेकॉर्ड केले, पण दणका एकात ठेवला आणि ग्राउल (घशातून गुरगुरत गाणं) नसलेलं शांत काम दुसऱ्यात. सेटमध्येही क्लीन (डिस्टॉर्शन नसलेल्या साफ आवाजाची) गाणी सलग ठेवली की पॅच (साठवलेलं आवाजाचं सेटिंग) बदलण्याची धावपळ कमी होते. क्लीन पॅचमध्ये नॉइज गेट (ठराविक पातळीखालचा आवाज कापणारं साधन) बंदच हवा, नाहीतर सुरांची शेपटं छाटली जातात. लेव्हल घरी लावू नका. डिस्टॉर्शनमध्ये हळू-मोठ्या आवाजातला फरक आधीच दाबलेला (कॉम्प्रेस) असतो, त्यामुळे घरी बरोबरीचा वाटणारा क्लीन आवाज ड्रमसोबत गायब होतो. दोन-तीन डेसिबल वर घ्या, आणि ते ड्रम चालू असतानाच.

राहिलं मेटॅलिकाचं 'मास्टर ऑफ पपेट्स'. सुमारे २१२ बीपीएम (मिनिटाला ठोके), रिफ (पुन्हापुन्हा येणारी गिटारची मुख्य ओळ) सगळा डाउनस्ट्रोकवर, म्हणजे एका ठोक्याला दोन सूर असतात त्या पट्ट्यांत मिनिटाला ४२४ फटके. १६० पासून चार-चारने चढवायचं, पिक तारेच्या जेमतेम खाली जाईल इतकाच. कोपर ताठ व्हायला लागलं की तो वेग अजून आपला नाही, आठ बीपीएम मागे या. वरखाली पिकिंगने वेग सहज गाठता येतो, पण रिफची धार जाते, त्यामुळे ती पळवाट या सेटपुरती बंद.