मानमोडी: आमच्या खुराड्याची वही, फेब्रुवारी ते एप्रिल

मंडळी, जानेवारीच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की परसात २० पाखरं आहेत, सगळी ठणठणीत, दिवसाला ७-८ अंडी. त्यानंतर खुराड्यात मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग शिरला आणि मी गप्प झालो. वही मात्र रोज भरत होतो. त्यातलंच आता उतरवून काढतोय, जिथे आज वेगळं वाटतं तिथे तसं सांगतो.

आधी हिशेब. मोठ्या ११ कोंबड्या, २ कोंबडे, ७ तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. त्या अकरांतली एक खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसवली होती, तिने ५ फेब्रुवारीला ८ पिल्लं काढली. गाव वाईजवळचं, घरं एकमेकांना लागून, सगळ्यांच्या कोंबड्या सगळ्यांच्या उकिरड्यावर.

९ फेब्रुवारी. आठवडी बाजारातून दोन गावरान कोंबड्या आणल्या, एक काळी, एक लाल मानेची. विकणारा म्हणाला, "अंड्यावर आहेत, घरी जाऊन बघा." नवीन पाखरू निदान तीन आठवडे वेगळं ठेवायचं, हे मीच नव्या लोकांना सांगत फिरतो. पण त्या दिवशी उशीर झाला होता, दुसरं डालगं (कोंबड्या झाकायचं टोपलं) पिल्लांना दिलेलं, म्हणून म्हटलं एक रात्र राहू देत आतच. ती एक रात्र मला १६ पाखरांना पडली.

१२ फेब्रुवारी. काळी कोपऱ्यात पंख पाडून बसलेली. दाणे टाकले तर उठली नाही. वाटलं जागा नवी आहे, बुजली असेल. शीट हिरवी, पाण्यासारखी. ते पाहूनही मी जंताचं औषध पाजलं. का, तर घरात तेवढंच होतं.

१४ फेब्रुवारी. सकाळी काळी मेलेली. लाल मानेची चोच उघडी टाकून श्वास घेते, घशातून घरघर. तिला गोठ्यात हलवलं, दुसऱ्या दिवशी तीही गेली.

१७ फेब्रुवारी. दोन तलंगा सुस्त. एका मोठ्या कोंबडीने पडद्यातलं अंडं घातलं, कवचच नाही, हातात घेतल्यावर पाण्याच्या फुग्यासारखं हललं. संध्याकाळपर्यंत आणखी दोन तलंगा चोच वासून बसल्या. आईने बघितलं आणि एकच शब्द बोलली, "मानमोडी." तिच्या लहानपणी आजोळच्या वाड्यातली पन्नास कोंबडी एका आठवड्यात साफ झाली होती. तेव्हाही उन्हाळ्याच्या तोंडालाच.

कागदोपत्री या रोगाचं नाव राणीखेत. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आणि जावा बेटावर तो पहिल्यांदा नोंदवला गेला, म्हणून जगभर न्यूकॅसल म्हणतात. आपल्याकडे १९२७ मध्ये कुमाऊँतल्या राणीखेतला सापडला आणि ते नाव चिकटलं. गंमत अशी की मोठ्या पाखरांना आपण जी आर टू बी लस टोचतो, तिचा विषाणू तिथून फार लांब नसलेल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत तयार झाला. दुखणं आणि उतारा एकाच डोंगररांगेतले. पण मला विचाराल तर आपला शब्दच नेमका आहे. मान मोडते, तेच खरं.

१८ फेब्रुवारी. रात्रीतून दोन तलंगा मेल्या. तालुक्याच्या दवाखान्यात फोन केला, डॉक्टर मॅडम दुपारी आल्या. मी सुरी आणि पाटी तयार ठेवली होती, पोट फाडून दाखवतील म्हणून. त्यांनी हातमोजे, मास्क चढवला आणि मलाच दटावलं, "परसात अजिबात फाडायचं नाही. पटापट मरतात तेव्हा नुसत्या डोळ्यांनी मानमोडी कुठली आणि बर्ड फ्लू कुठला, हे कुणी सांगू शकत नाही." दोन्ही मेलेल्या तलंगा दुहेरी पिशवीत, बर्फात, पुण्याला तपासणीसाठी गेल्या.

बर्ड फ्लूचं नाव निघालं आणि गल्लीत शांतता पसरली. २००६ साली नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हाची आठवण अजून ताजी आहे. अंडी कोणी फुकट घेत नव्हतं. तेव्हाही सुरुवातीला 'हे राणीखेतच आहे' म्हणणारे पुष्कळ होते. शेजारच्या काकूंनी आमच्याकडून नेलेली सहा अंडी संध्याकाळी गुपचूप ओट्यावर आणून ठेवली. राग नाही आला.

मॅडमनी सगळ्यात आधी विचारलं, "लस दिली होती का?" मी छाती पुढे काढून म्हटलं, हो. "कुठली? कधी? कशात आणली?" इथे माझी बोबडी वळली.

खरं ते लिहितो. तलंगा एक महिन्याच्या असताना आणल्या, लासोटाचे, म्हणजे याच रोगाच्या डोळ्यात टाकायच्या लसीचे, थेंब विकणाऱ्याकडेच झालेले. आठव्या आठवड्यात आर टू बी मीच टोचली, नोव्हेंबरात. तालुक्याहून बाटली आणली ती मोटरसायकलच्या डिकीत, पिशवीत थोडा बर्फ. वाटेत पंक्चर झाली, दोन तास गेले. घरी आलो तेव्हा पिशवीत पाणीच पाणी आणि बाटली कोमट. फेकायला जीव झाला नाही. टोचून मोकळा झालो आणि वहीत ऐटीत खूण केली. ही लस जिवंत विषाणूची असते, २ ते ८ अंशांत राखायची. ऊब लागली की मेली. मग तुम्ही टोचताय ते नुसतं पाणी. उलट मोठ्या कोंबड्यांना त्याआधीच्या वर्षी दवाखान्याच्या शिबिरात टोचलं होतं, थंड डब्यातून काढून. पुढे कोण मेलं आणि कोण वाचलं ते वाचताना हे लक्षात ठेवा.

१९ ते २३ फेब्रुवारी. हे पाच दिवस एकत्रच लिहितो, वहीतही अक्षर धड नाही. रोज पहाटे दार उघडायची भीती. एकूण तलंगा ५ गेल्या, पिल्लं ५, मोठ्या कोंबड्या ३ आणि थोरला कोंबडा. बाजारच्या दोन धरून १६. हिरवी हगवण, डोळ्याभोवती सूज, आणि उरलेल्यांपैकी काहींचे पाय लुळे.

औषध नाही या रोगावर. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, प्रतिजैविक देते ते वरून होणारा दुसरा संसर्ग आटोक्यात राहावा म्हणून, विषाणूला त्याचं काही नाही. इलेक्ट्रोलाइटचं पाणी, जीवनसत्त्वं, सावली, शांतता. तरी मी हळद-लसूण ताकात कालवून पाजलंच. अपाय झाला नाही, उपायही झाला नाही. हाताला काम मिळालं एवढंच. मिरचीचं पाणी पाजायचा सल्लाही आला, ते मात्र करू नका. धापा टाकणाऱ्या जिवाच्या घशात तिखट कशाला?

वरवर धडधाकट दिसणाऱ्यांना मॅडमनी लासोटाचा थेंब दिला. आत रोग मुरलेला असेल तर उपयोग होणार नाही, हे सांगूनच दिला.

२० तारखेच्या संध्याकाळचं थोडं सविस्तर. शेजारचे तात्या कट्ट्यावर आले. म्हणाले, "उद्या बाजार हाय. उरल्यात त्या टोपलीत घाल आन् मोकळा हो. चार दिसांनी रुपया हाती लागायचा न्हाई." आईनेही मान डोलावली. तात्या वाईट माणूस नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. कोंबड्या मरायला लागल्या की उरलेल्या विकायच्या, नाहीतर कापून वाटे घालायचे. मला एकदम ती काळी दिसली. ती माझ्याकडे अशीच तर आली होती. कुणाच्या तरी खुराड्यात ८ फेब्रुवारीला दोन-चार मेल्या असतील आणि त्याच्याही कट्ट्यावर कुणीतरी तात्या येऊन बसले असतील. मी म्हटलं, "तात्या, विकत नाही आणि कापतही नाही." ते उठून गेले, आठवडाभर बोलले नाहीत. कापण्यातही तोच घोटाळा आहे. पिसं, रक्त, धुतलेलं पाणी, सगळं गटारीत आणि गटारीवर साऱ्या गल्लीच्या कोंबड्या.

पुरायचं काम: चार फूट खड्डा, खाली चुना, मग पाखरं, वर चुना, माती आणि बाभळीच्या फांद्या. फांद्या पहिल्या दिवशी टाकल्या नव्हत्या, रात्री कुत्र्यांनी उकरायला सुरुवात केली. आधी निरोगी पाखरांचं दाणापाणी, शेवटी आजाऱ्यांचं, हा क्रम मोडायचा नाही. खुराड्यासाठी वेगळी चप्पल ठेवली, ती घरात नाही आणि रस्त्यावरही नाही. माणसाला या रोगाने क्वचित डोळे येतात, म्हणून हात साबणाने धुवायचे आणि तोवर डोळ्यांना लावायचे नाहीत.

२२ तारखेला दुपारी फोन आला. बर्ड फ्लू नाही. राणीखेत. जठराच्या आतून टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके सापडले होते. बायको म्हणाली, "सुटलो." एवढी पाखरं मेल्यावर हा शब्द तोंडून निघावा, पण खरंच तसंच वाटलं. बर्ड फ्लू असता तर आमच्याच नाही, एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्यांच्या कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या असत्या.

२६ फेब्रुवारी. मरणं थांबली. उरली १४: मोठ्या ८, कोंबडा १, तलंगा २, पिल्लं ३. आता दुसरा अंक. दोन तलंगांपैकी ठिपकीची मान पिळवटली. डोकं उजवीकडे वळतं, मग पाठीवर, आणि शेवटी चोच आभाळाकडे. दाण्यावर चोच मारते ती दोन बोटं बाजूला पडते. पुन्हा मारते, पुन्हा बाजूला. घाबरली की उलटी चालते आणि भिंतीला धडकते.

मॅडमचं मत होतं की हिला सोडवावं, म्हणजे मारून टाकावं. बरी दिसली तरी काही आठवडे विष्ठेतून रोग पसरवू शकते. व्यवहार म्हणून त्यांचं बरोबर होतं. मी परसाच्या टोकाला न्हाणीमागे तिची सोय केली, बाकीच्यांपासून चाळीस पावलं लांब, आणि तिचं सगळ्यात शेवटी करत गेलो. हे कुणी अनुकरण करावं म्हणून लिहीत नाही. वेगळी जागा आणि वेळ नसेल तर करू नका.

भरवण्याची रीत मात्र सांगतो, कारण ती मला चार दिवस झगडल्यावर सापडली. जुन्या टॉवेलात पंखांसकट गुंडाळून काखेत धरायची. डाव्या तळहातावर हनुवटी टेकवून मान हळूच सरळ आणायची, जोर लावायचा नाही, ती स्वतःच सैल सोडते. मक्याचा भरडा दह्यात भिजवून, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून, हरभऱ्याएवढ्या गोळ्या. चोचीच्या कडेला लावली की गिळते. पाणी ड्रॉपरने, चोचीच्या टोकाशी एकेक थेंब, घशात ओतलं तर ठसका लागून मरेल. दहाव्या दिवसापासून ताटलीऐवजी खोलगट वाडगा काठोकाठ भरून ठेवला. नेम चुकला तरी चोच दाण्यातच पडते. ती युक्ती आईची.

मार्च. खुराडं मोकळं. उरलेली पाखरं कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला तात्पुरत्या जाळीत. आधी शीट आणि तूस खरवडून जाळलं, जुनी बारदानं जाळली, मग साबणाच्या पाण्याने धुतलं, मग ब्लीचिंग पावडर, शेवटी चुना. हा क्रम महत्त्वाचा, घाणीवर ब्लीचिंग ओतून काही होत नाही. पत्रे काढून महिनाभर ऊन खाऊ दिलं. लाकडी बसणी धुवत बसलो नाही, चुलीत घातली.

२ एप्रिल. ठिपकीची मान बऱ्यापैकी सरळ. भांडं पडलं, कुत्रं भुंकलं की अजून फिरते.

१९ एप्रिल. लसीकरण. लस १०० मात्रांच्या बाटलीत येते आणि माझ्याकडे १४ पाखरं, ही आपल्या सगळ्यांची रड. यंदा मी गल्लीत घरोघरी फिरलो. ९ घरांची ८३ पाखरं जमली. तात्यांची १२ त्यातच. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, कोंबड्या डालग्याखालून सोडू नका. पहाटे थर्मास भरून बर्फ, त्यात बाटली, त्यातच ५० मिली सलाइन. साडेसहाला लसीत सलाइन मिसळलं आणि दीड तासात संपवलं. आर टू बी, अर्धा मिली, पंखाखालच्या कातडीत, आठ आठवड्यांच्या पुढच्यांनाच आणि सुस्त असेल त्याला अजिबात नाही. लहान पिल्लांना लासोटाचा थेंब डोळ्यात, त्याची वेगळी बाटली. थेंब पडला की हात लगेच सोडू नका. पिल्लू पापणी मिटतं, थेंब काठावर थरथरतो, मग आत ओढला जातो आणि पिल्लू घोट गिळल्यासारखं करतं. ते दिसलं की सोडा. आर टू बी टोचलेली पाखरं दोन-तीन दिवस मलूल राहिली, अंडी घटली, ते अपेक्षितच होतं. उरलेली लस उकळून पुरली.

थर्मास तात्यांनी धरला होता. मध्येच झाकण उघडून म्हणाले, "बर्फ हाय अजून."

आता कॅलेंडरवर खुणा अशा: नवी पिल्लं निघाली की ७ वा दिवस लासोटा, २८ वा पुन्हा लासोटा, ८ वा आठवडा आर टू बी, मोठ्यांना मॅडमनी सांगितल्याप्रमाणे दर ६ महिन्यांनी. म्हणजे ऑक्टोबरात पुन्हा ९ घरं गोळा करायची आहेत. बाजारातून काही आणलं नाही. मागच्या आठवड्यात एक कोंबडी खुडूक झाली, तिच्याखाली घरचीच ११ अंडी ठेवली आहेत. त्यांतली दोन लहान, लांबट, तांबूस अंडी ठिपकीची असावीत असा आईचा दावा आहे. मला तिने अंडं घातलेलं अजून दिसलेलं नाही.