आमची वाटचाल: जीएच्या पुडीपासून ट्रायकोडर्मापर्यंत

तासगाव भागात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली की आमच्या कृषी सेवा केंद्रात जीएची, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढ संजीवकाची, मागणी सुरू होते. घड पोपटी अवस्थेत आला की 10 पीपीएमची फवारणी, पुढे मणी फुगवायला डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं. एक ग्रॅमची पुडी आधी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायची, मग 100 लिटर पाण्यात टाकायची. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षारयुक्त, म्हणून सामू आधी सायट्रिक अ‍ॅसिडने खाली आणायचा, नाहीतर जीएची ताकद कमी होते. हे काउंटरवर रोजच सांगायचो. पण ही पांढरी पूड बुरशीपासून येते म्हटलं की लोक बघतच राहायचे. “आवो दादा, बुरशी म्हंजे भुरी, करपा. ती मणी कशी फुगवंल?”

प्रश्न रास्तच होता. जपानमध्ये एका बुरशीमुळे भाताची काही रोपं भलतीच उंच, फिकट वाढून कोलमडायची. ती बुरशी वाढवलेल्या द्रावणातून बुरशी गाळून काढली, तरी उरलेल्या नुसत्या द्रावणाने रोप तसंच वाढतं, हे एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवलं. 1935 मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं. आजही जीए त्याच फ्युजारियम बुरशीपासून मोठ्या टाक्यांत आंबवून काढतात. टाकीतला नत्र संपत आला की मगच ती बुरशी जीए जोमाने बनवू लागते, हे वाचलं आणि मी या विषयात पुरता अडकलो.

तसल्या टाक्या आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. ट्रायकोडर्मा होता, म्हणजे रोग लावणाऱ्या बुरशींना आवरणारी उपयोगी बुरशी. ज्वारी अर्धवट शिजवून पिशव्यांत भरायची, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायची, गार झाल्यावर कल्चर सोडायचं. आधी पांढरी जाळी, मग दाणान् दाणा हिरवा. चांगली पिशवी फोडली की ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. तो वास ज्या द्रव्याचा, तेही अल्प प्रमाणात रोपाच्या वाढीला मदत करतं. शिवाय मुळांतून पाझरणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून ट्रायकोडर्माच्या बऱ्याच जाती ऑक्झिन हे मुळं वाढवणारं संजीवक बनवतात, काही तर मुळांची वाढ रोखणारं इथिलीनही कमी करतात. द्राक्षवाले ज्या पांढऱ्या मुळीसाठी जिवाचं रान करतात, तिला याचा आधार मिळतो.

हळदवाल्यांनी आम्हाला खरं उभं केलं. कंदकुजीसाठी ट्रायकोडर्मा न्यायचे, शेणखतात मुरवून सरीत टाकायचे.

एक मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: ट्रायकोडर्मा टाकला म्हणून जीए बंद करू नका, मणी त्याने फुगणार नाही. आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग (मुळाशी आळवणी) करणार असाल, तर आमची पिशवी आत्ता नेऊ नका, त्याने ट्रायकोडर्माही मरतो.